मेंढी राखावी, लोकर खावी

...तर क्लॅरी डन्स्टनची कवळी मेंढरांच्या औषधाच्या हौदात पडली, इथवर आपण आलो होतो.

हौद म्हणजे लांबट खंदकच. एका टोकाला मेंढरू ढकलायचं, ते बुडी खाऊन पोहत दुसऱ्या टोकाला निघायचं, की अंगावरच्या उवा खलास. क्लॅरी हौदाच्या काठावर उभा राहून कुत्र्यांवर ओरडत होता. मागून एका एडक्यानं दिली धडक. क्लॅरी पडता पडता सावरला, पण दातांच्या वरच्या-खालच्या दोन्ही ओळी सुळकन औषधात गेल्या. मग मर्व ट्रेलोरनं, म्हणजे रानाच्या मालकानं, मेंढ्या ओढायची आकडी घातली आणि गाळातून कवळी काढली. क्लॅरीनं ती पँटला पुसली, उन्हात धरून न्याहाळली आणि म्हणाला, "उवा असतील तर मेल्या." आणि बसवली तोंडात.

मर्वची मुलगी कोरल कुंपणावर बसली होती. ती हसता हसता पलीकडच्या लेंड्यांत पडली. तेव्हापासून क्लॅरी कुठंही दिसो, चर्चमध्ये, दुकानात, अगदी कुणाच्या मयतीला, ती मोठ्यानं म्हणायची, "क्लॅरी, दात दाखव!" आणि तो भला माणूस उभ्या जागी कवळी जिभेनं पुढं ढकलून दाखवायचा. एकदा तर पाद्रीबाबा शेवटची प्रार्थना म्हणत असताना.

सगळं मेरिनूक गाव क्लॅरीला हसायचं त्याचं कारण निराळंच. क्लॅरी होता मेंढ्यांचा दलाल. जन्मभर दुसऱ्याच्या मेंढ्यांचे जबडे उघडून दात बघायचे, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली की दात पडलेली, आणि त्यावर वय आणि भाव सांगायचा. आणि स्वतःच्या तोंडात एक नाही! पण शब्दाचा पक्का. बाजाराच्या कठड्यावर कोपर टेकून तो म्हणाला की 'या चार दाती आहेत', तर त्या चार दातीच. लिहिणं नाही, सही नाही. हात मिळवला की व्यवहार झाला. व्हिक्टोरियाच्या त्या पश्चिम भागात बायकोच्या शब्दापेक्षा दलालाचा शब्द मोठा मानणारे पुष्कळ होते. मर्व त्यांतलाच. तरी मर्व दात स्वतः बघायचा. "बिशप मेंढी विकायला आला तरी आधी तिचं तोंड उघडीन," असं म्हणायचा. क्लॅरीला त्याचा राग नव्हता. म्हणायचा, "बघ बाबा, बघ. माझे सोडून सगळ्यांचे बघ."

मर्वचा दुसरा नियम बापाकडून आलेला. बाप मरायला टेकला तेव्हा त्यानं ना देवाचं नाव घेतलं ना बायकोचं. म्हणाला, "मेंढी राखावी, लोकर खावी." बस्स. लोकर दर वर्षी येते, ती विकून खा, प्या, मजा करा. पण व्यायची मेंढी म्हणजे मुद्दल. तिला हात लावला की घर बसलं. मर्वनं हे असं पाळलं, की रविवारी ताटात मटण आलं तरी विचारायचा, "हा खच्ची केलेला नरच होता ना?"

आता कोरलबद्दल. मर्व आणि आयरिस यांना ही एकच मुलगी, उशिरा झालेली. अंगानं वाढली, बुद्धीनं सहा-सात वर्षांवर थांबली. चाळिशीला आली तरी बुटांचे बंद आयरिस बांधायची. पण गावातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव तिला पाठ, आणि कोणत्या म्हातारीला अंडी उकडलेली आवडतात नि कोणाला तळलेली, तेही. तिनं काही मागितलं की मर्वचं उत्तर ठरलेलं, "कातरणी झाली की." ते काही तिच्यासाठीच नव्हतं म्हणा. त्या भागात सगळ्याच घरांत तसं. नवी चूल, नवा कोट, दाढ काढणं, लग्नसुद्धा, सगळं कातरणी झाली की, लोकरीचे पैसे आले की. कोरलनं ते मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्या जगात सोमवार-मंगळवार नव्हते. कातरणीच्या आधी आणि कातरणीच्या नंतर, एवढंच.

मर्वला रात्रंदिवस घोर एकाच गोष्टीचा. आपण दोघं गेलो की हिचं काय? बॅलरॅटला अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती. वाईट नव्हती, पण लांब. तिथं कुत्र्यांना शिरू देत नव्हते. मर्व एकदा बघून आला. घरी आल्यावर आयरिसला म्हणाला, "ती मेरिनूकमध्येच राहील. आपल्या घरात. कोणीतरी बाई सोबतीला ठेवू, तिचा पगार निघेल एवढं मुद्दल मागं ठेवू. आणि त्या मुद्दलाला आपण दोघांनी मरेपर्यंत हात लावायचा नाही." शेजारच्या नोला नावाच्या विधवेनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, "मी येईन राहायला. कोरल माझ्याशी पत्ते खेळते आणि लबाडी करत नाही. गावात दुसरं कोण आहे तसं?"

पुढं एकोणीसशे एकोणनव्वद साली मर्वचे गुडघे बोलायला लागले. मेंढी उचलून कातरायला धरणं सोडा, बूट घालताना रडू यायचं. म्हणून त्यानं रान विकलं, मेंढ्या विकल्या. लोकरीला तेव्हा सोन्याचा भाव. एक तरुण गडी कर्ज काढून आला नि मागेल ती किंमत देऊन गेला. मर्वनं गावात चर्चच्या मागं लाकडी घर घेतलं आणि उरलेलं सगळं बँकेत मुदत ठेवीत टाकलं. व्याज किती, तर पंधरा टक्के! सहा महिन्यांनी पहिलं व्याज आलं. मर्व घरात शिरला आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाला, "कोरल, कातरणी झाली!"

कोरल खिडकीशी धावली. "मेंढ्या कुठायत?"

"बँकेत."

"बँकेत? गवत आहे तिथं?"

"लई आहे," मर्व म्हणाला.

त्या कातरणीला कोरलला लाल रंगाची तीन चाकी सायकल आली, पुढं टोपली असलेली. तिच्यात अंडी घालून ती गावभर वाटत फिरायला लागली. तेव्हापासून त्या घरात व्याजाला व्याज कोणी म्हटलं नाही. कातरणीच.

मग लोकर कोसळली. सरकारनं वर्षानुवर्षं भावाला दिलेला टेकू काढून घेतला, आणि मेंढीला कुत्रं विचारेना. बाजारात मेंढी नेली तर ट्रकचं भाडं सुटत नव्हतं. चारा पुरेना, बाजार घेईना, म्हणून सगळेच आपापल्या मेंढ्या मारायला लागले. रानात यंत्रानं खड्डे खणायचे, काठावर मेंढ्या आणायच्या आणि बंदूक. मर्वचं रान घेतलेला तो तरुण गडी एके सकाळी दारात आला. टोपी हातात. म्हणाला, "मिस्टर ट्रेलोर, मला एकट्याला जमत नाही."

मर्व गेला. त्या मेंढ्या त्यानंच वाढवलेल्या, त्याच्याच हातच्या. एकेक ओळखीची. त्यानं बंदूक धरली नाही, मेंढ्या धरल्या. संध्याकाळी घरी आला तो कपडे बाहेरच काढून जाळून टाकले. आयरिसनं विचारलं, "जेवतोस?" तर म्हणाला, "बापानं सांगितलं होतं ते उगाच नव्हतं, आयरिस. मेंढी मारायला लागली की समज, सगळं संपलं."

गावात मात्र मर्वची वाहवा! हाच एक शहाणा, ऐन वेळी विकून मोकळा झाला. दारूच्या गुत्त्यात लोक विचारायचे, "मर्व, तुला कळलं कसं रे?"

"गुडघ्यांनी सांगितलं."

"मग आता काय म्हणतात गुडघे?"

"म्हणतात, पुढचा ग्लास तुझ्याकडून."

पण गुडघ्यांना बँकेतलं कळत नव्हतं. पुढच्या कातरणीला पंधराचे तेरा झाले. मग दहा. मग आठ. बँकेत पॅगानोबाई म्हणून एक इटालियन घरातली मुलगी होती, तिच्या बापाची गावात फळांची गाडी असायची. ती बिचारी दर वेळी असं तोंड करून सांगायची, जणू तिनंच टक्के चोरले. मर्वनं आधी गुत्ता सोडला. मग पेपर बंद करून वाचनालयात वाचायला जाऊ लागला. मग गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसायला लागल्या. हिवाळ्यात एकाच खोलीत शेकोटी पेटायची आणि तिघं तिथंच कोट घालून बसायची. कोरलला वाटे, हा काहीतरी खेळ आहे. "आता तंबूत झोपायचं?" असं विचारायची.

एके दिवशी आयरिस सुई-दोरा खाली ठेवून म्हणाली, "मर्व, रानात दुष्काळ पडला की तू काय करायचास?"

"लवकर विकायचो. जो उशिरा विकतो तो सगळं घालवतो."

"काय विकायचास? लोकर?"

मर्वनं शेकोटीत एक लाकूड सारलं.

"मेंढ्याच विकायचास. थोड्या. बाकीच्या जगाव्यात म्हणून. मग आता दर वर्षी मुद्दलातलं थोडं खाल्लं तर तुझा बाप थडग्यातून उठून येणार आहे का?"

मर्व म्हणाला ते खोटं नव्हतं. म्हणाला, "दुष्काळानंतर पाऊस पडायचा, आयरिस. मेंढ्या व्यायच्या, खांड पुन्हा भरायचं. बँकेतल्या मेंढीला कोकरू होत नाही. खाल्ली ती खाल्ली. आणि आपण खात बसायचं, ते कोणाचं? तिचं." कोरल तेव्हा जमिनीवर बसून अंडी पुसत होती. "मी त्या खड्ड्याशी पुन्हा जाणार नाही."

आयरिसनं सुई उचलली. दोघंही बरोबर होती, मग भांडण मिटणार कसं?

पॅगानोबाईनं आपल्या परीनं वाट सांगितली. म्हणाली, "मिस्टर ट्रेलोर, सगळं ठेवीत नको. थोडं इथं राहू द्या, थोडं मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घाला. एक बसलं तर दुसरं उठतं."

"शेअर? पोरी, घोड्यावरच लावायचं तर मी मेलबर्नच्या शर्यतीला जाईन. तिथं निदान बँड वाजतो."

"घोडा नाही हो."

"रोज भाव छापून येतो त्यांचा. आज वर, उद्या खाली."

"मेंढीचा भाव वर-खाली होत नव्हता?"

"होत होता. पण सकाळी उठलो की मेंढी दिसायची."

मर्वच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती, आणि ती त्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात बसली होती. ज्याचा भाव रोज छापून येतो ते जोखमीचं. ज्याचा भाव कोणी सांगतच नाही ते भक्कम. ताप मोजायची नळीच घरात नसली की घरात ताप नाही, तसंच हे.

आणि अशात क्लॅरी आला.

मेंढ्यांचा बाजार मेल्यापासून क्लॅरीचंही खाणं-पिणं अवघड झालं होतं. त्यानं जोडधंदा धरला. गावात ऑर्म्सबी नावाचे वकील होते, बापजाद्यांपासूनचे, सगळ्यांची मृत्युपत्रं त्यांच्याच कपाटात. त्यांनी लोकांचे पैसे गोळा करून घरं बांधणाऱ्यांना व्याजानं द्यायचा फंड काढला होता. क्लॅरी त्यात माणसं आणून द्यायचा. ते त्यानं लपवलं नाही. रिकाम्या बाजारात, ज्या कठड्यावर दोघांची कोपरं चाळीस वर्षं घासली होती, तिथंच टेकून बोलला.

"अकरा टक्के, मर्व्या. बँक सहा देते, हा अकरा."

"तुला त्यातलं किती?"

"टोपीत मावेल एवढं. आणि माझं स्वतःचं होतं-नव्हतं ते पण तिथंच घातलंय."

"पैसे जातात कुठं?"

"किनाऱ्यावर सुट्टीची घरं होतायत. शहरातली माणसं घेतील. तारण काय, तर जमीन. जमीन, मर्व्या! कागद नाही."

जमीन म्हटल्यावर मर्वचा चेहरा खुलला. जमीन म्हणजे सकाळी उठल्यावर दिसणारी गोष्ट. क्लॅरीनं हात पुढं केला, मर्वनं धरला. आणि त्या व्यवहारात, बघा, जन्मात पहिल्यांदा, मर्व ट्रेलोरनं तोंड उघडून दात बघितले नाहीत. बघायची आठवणही झाली नाही. समोर क्लॅरी होता ना!

घरी आल्यावर आयरिसनं ऐकून घेतलं. स्कोनवर जॅम लावता लावता म्हणाली, "जमीन बघून आलास?"

"क्लॅरीनं बघितलीय."

"दात बघितलेस?"

"सांगितलं ना, क्लॅरीनं बघितलेत."

"क्लॅरीला स्वतःचे आहेत का?"

मर्व चिडला. "चाळीस वर्षांत त्यानं मला एक मेंढी वयानं खोटी दिली नाही."

"मेंढी नाही दिली. पण ही मेंढी आहे का?" आयरिस म्हणाली, आणि स्कोन कोरलच्या पुढं सरकवला.

तरी मर्वनं घिसाडघाई केली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं निम्मं फंडात घातलं, निम्मं बँकेत राखलं. म्हणाला, "सगळं खांड एका कुरणात कोण सोडतं? रोग आला तर?" आणि ते वर्ष बरं गेलं. फंडाचे पैसे ठरल्या दिवशी यायचे. शेकोट्या दोन झाल्या, गाडीवरच्या कोंबड्या उडाल्या, कोरलला नवा निळा कोट आला. तिघं रविवारी गाडी काढून ग्रॅम्पियन डोंगरापर्यंत जाऊन आली. कोरल म्हणाली, "आता कातरणी रोज आहे का?" मर्व इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. तेवढं एक हसू त्या घराच्या वाट्याला होतं म्हणा.

कारण बँकेचे पाच झाले. आणि मर्वला दोन कुरणं शेजारी शेजारी दिसायला लागली. इकडं वाळलेलं, तिकडं हिरवं, मधे फाटक. रोज डोळ्यांसमोर हिरवं दिसत असताना उपाशी मेंढ्या वाळक्यात उभ्या करायच्या, हे मेंढपाळाच्या हाताला सोसतच नाही. ठेवीची एकेक मुदत संपली की मर्व फाटक उघडायचा आणि थोड्या मेंढ्या पलीकडं सोडायचा. दर वेळी म्हणायचा, "एवढ्याच." पॅगानोबाई म्हणाली, "मिस्टर ट्रेलोर, तुम्हीच म्हणाला होता ना, एका कुरणात नको?" तर म्हणाला, "पोरी, दुसऱ्या कुरणात गवत कुठंय? तू दाखव, मी नेतो." आणि ती दाखवू शकत नव्हती. हेच तर त्या वर्षांचं दुखणं होतं. सुरक्षित होतं ते पुरत नव्हतं आणि पुरत होतं ते सुरक्षित नव्हतं.

शेवटचा एक तुकडा राहिला, तेव्हा आयरिस आडवी आली. "हा माझा. याला हात लावलास तर यापुढं चहा तुझा तू करायचा." मर्वला चहा करता येत नव्हता. तो तुकडा बँकेत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात फंडाचे पैसे ठरल्या दिवशी आले नाहीत. मर्व म्हणाला, "पोस्टात अडकले असतील." आठवड्यानं क्लॅरी आला. फाटकातून आत येईना, बाहेरच उभा. कोरल तीन चाकीवरून धावली. "क्लॅरी, दात दाखव!"

क्लॅरीनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. सकाळी कवळी घालायचीच राहून गेली होती. नुसत्या हिरड्या. कोरल हसली नाही. मागं सरली आणि मर्वच्या कोटाला धरून उभी राहिली.

"वकिलाचं दार बंद आहे, मर्व्या," क्लॅरी म्हणाला. दातांशिवाय त्याचे शब्द ओले-ओले येत होते. "घरं बांधणारा बुडाला. मी वकिलावर भरोसा टाकला. वकिलानं त्या बांधणाऱ्यावर. जाऊन बघितलं कोणीच नाही रे. कोणीच नाही."

"तुझं?"

"सगळं."

मर्वनं शेडमधून गाडी काढली. म्हणाला, "बस." दोघं किनाऱ्यावर गेले. समुद्राचा गार वारा सुटला होता. वाळूत लाकडी खांब रोवलेले, ओळीनं. कुठं भिंत नाही, कुठं छप्पर नाही. दोनचार खांब वाऱ्यानं कलले होते. मर्व गुडघे धरत धरत खाली बसला आणि त्यानं मूठभर जमीन उचलली. ती बोटांतून निसटून गेली. जे बघायला दोन वर्षांपूर्वी यायचं, ते बघायला आज आला होता.

"वाळू," मर्व म्हणाला.

"शिव्या दे की रे," क्लॅरी म्हणाला. "एखादी तरी दे."

मर्वनं तळवा पँटला पुसला. "चल, थंडी आहे. तुझे दात घरीच राहिलेत."

वकिलावर खटला झाला, कपाटं उघडली, लोकांना डॉलरामागं काही सेंट परत मिळाले, तेही फार पुढं. मर्वच्या घरी त्याआधीच घडायचं ते घडलं. आयरिसला अर्धांगवायू झाला. सकाळी कोंबड्यांना घालायला गेली ती तिथंच पडली. कोरल तिच्याजवळ बसून राहिली आणि कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, कारण आयरिसचं ते काम अर्धवट राहिलं होतं ना. मर्वला समजायला तासभर गेला. आयरिस जगली, पण एक बाजू आणि बोलणं गेलं. आता मर्वचे ते गुडघे, अंथरुणातली आयरिस, आणि बुटांचे बंद बांधता न येणारी कोरल. नोला म्हणाली, "पगार नको मला, पण मग मी खाऊ काय?" तरी तिनं महिनाभर बिनपगारी केलं. मग तिलाही मुलीकडं पर्थला जावं लागलं. जाताना पत्त्यांचा जोड कोरलला देऊन गेली.

आपण मेल्यावर होईल म्हणून ज्याला जन्मभर भ्याला, ते मर्वला जिवंतपणी स्वतःच्या हातानं करावं लागलं. बॅलरॅटला त्यानं कोरलची पेटी उतरवली. निळा कोट हुकाला लावला. सायकल ठेवायला जागा नव्हती, ती परत आणली. कोरलनं बाहेर अंगणात नजर टाकली आणि विचारलं, "डॅड, इथं कुत्रं नाही?"

"नाही."

"मग मी घरी कधी यायचं?"

मर्वच्या तोंडून सवयीनं गेलं. दुसरं उत्तर त्याच्यापाशी कधी नव्हतंच. "कातरणी झाली की."

कोरलचं समाधान झालं. कातरणी दर वेळी होतेच.

तेव्हापासून दर रविवारी मर्व आयरिसला दुसऱ्या एका शेजारणीवर सोपवून बसनं जायचा, आणि दर रविवारी कोरल पेटी भरून दारात बसलेली असायची. "झाली?" "अजून नाही." मग ती पेटी पुन्हा सोडायची. एकेक कपडा घडी करून.

आयरिसनं राखलेल्या त्या तुकड्याची मुदत संपली. मर्व बँकेत गेला. पॅगानोबाईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला बिचारीला एक बातमी द्यायची होती आणि चेहऱ्यावरचा आनंद कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. व्याज फिरलं होतं. वर्षभरात पाचाचं आठावर आलं होतं. ज्याची वाट बघता बघता मर्वनं फाटक उघडलं, तो पाऊस आता पडत होता, आणि कुरण रिकामं होतं.

"चढतंय, मिस्टर ट्रेलोर," ती हळूच म्हणाली. "आता लांब मुदतीला बांधून ठेवलंत तर चांगलं मिळेल. किती काळासाठी लावू? सहा महिने, वर्ष, की तीन वर्षं?"

मर्वनं टोपी मांडीवर फिरवली. खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला,

"तुला वाटेल तेवढं लाव, पोरी. पण एक सांग, ती पेटी भरून बसलीय, आणि मी तिला दर रविवारी सांगतो, कातरणी झाली की. या एवढ्याशा लोकरीला मी कातरणी झाली म्हणू का? तू म्हणशील?"